धावपटूचे हृदय आणि मनगटावरील आकडे

जिम फिक्स हे अमेरिकेतील धावण्याच्या छंदाचे मोठे प्रचारक. पस्तिशीच्या सुमारास त्यांनी धावावयास सुरुवात केली, धूम्रपान सोडले, जादा वजन घटविले. आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने असंख्य बैठ्या माणसांना रस्त्यावर आणले. हेच फिक्स २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट राज्यात धावावयास गेले असता कोसळून मरण पावले. वय ५२. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या चोंदलेल्या आढळल्या. त्यांच्या वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका ३५व्या वर्षी आला होता आणि ४३व्या वर्षी ते निवर्तले होते.

फिक्स यांच्या मनगटावर आजचे घड्याळ असते तर? कदाचित त्याने दिलासाच दिला असता. दीर्घ पल्ल्याच्या सरावाने हृदय बळकट होते, आणि विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला ५० किंवा ४० पर्यंतही उतरतात. ठोके मोजणाऱ्या यंत्राला धमनीतील अडथळा दिसत नाही. म्हणूनच घरातील हृदयविकाराचा इतिहास, छातीतील दडपण आणि धावताना येणारी भोवळ यांचे महत्त्व कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक मानावयास हवे.

मग या आकड्यांचा उपयोग कोणता? तो आहे, आणि मोठा आहे. मात्र तुलना स्वतःच्याच कालच्या नोंदीशी करावी, शेजाऱ्याच्या नोंदीशी नव्हे. रोज पहाटेची नाडी ५० असणाऱ्याची ती सलग काही दिवस ६० भरू लागली, तर अतिश्रम, अपुरी झोप किंवा अंगात मुरणारा ताप यांचा संशय घ्यावा. तापात शर्यत धावणे विशेष धोक्याचे, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. नेहमीच्याच वेगाला ठोके एकाएकी फार चढणे किंवा त्यांची लय बिघडणे, हेही वैद्यकीय तपासणीचे निमित्त होय. घड्याळाचा पट्टा सैल असला की आकडा चुकतो. छातीवर बांधावयाचा पट्टा अधिक विश्वासार्ह. २२० मधून वय वजा करण्याचे प्रचलित सूत्र तर सरासरीचे आहे. व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्या सूत्रावर विसंबून क्रीडाशिक्षकाने कोणालाही दामटू नये.

भीतीचेही कारण नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले; त्यांतील ४२ दगावले. इटलीने १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंना हृदयालेखासह वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. तेथील व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे वार्षिक प्रमाण लाखामागे ३.६ वरून २००४ पर्यंत ०.४ वर आले.

गावोगावी आता दौडी भरतात. प्रवेशअर्जात वय आणि पत्ता विचारला जातोच. आईवडिलांना कमी वयात हृदयविकार होता काय, हा एक रकाना वाढविण्यास खर्च येत नाही. ज्याच्यापाशी घड्याळ नाही त्याने अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत, दुप्पट करावी आणि वहीत तारखेसमोर आकडा लिहावा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.