न केलेल्या सहीची गोष्ट : वेलिंग्टन कू

आजची गोष्ट एका सहीची आहे. म्हणजे खरं तर न केलेल्या सहीची.

२८ जून १९१९. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल. पहिलं महायुद्ध संपलंय आणि जर्मनीबरोबरच्या तहावर सह्या करायला देशोदेशीचे पुढारी जमलेत. फक्त चीनच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. चीन जिंकलेल्या बाजूचा देश, तरीही त्याचे प्रतिनिधी आलेलेच नाहीत. त्या प्रतिनिधींपैकी एक जण होता अवघ्या ३१ वर्षांचा. त्याचं नाव वेलिंग्टन कू.

कू यांचा जन्म १८८८ चा, शांघायकडचा. कॉलेजसाठी अमेरिकेला गेले आणि १९१२ साली कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी झाले. (बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये त्याच विद्यापीठात दाखल झाले. थोडक्यात चुकामूक!) कूंच्या प्रबंधाचा विषय होता, चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांचं कायद्यातलं स्थान. ऐकायला कोरडं वाटतं ना? पण तेव्हा एखाद्या इंग्रजाने चीनमध्ये गुन्हा केला, तर चिनी कोर्ट त्याला हात लावू शकत नव्हतं. युद्धं हरल्यावर चीनकडून तसे तहच लिहून घेतले होते. म्हणजे या पोराने थेट देशाच्या दुखण्यावरच अभ्यास केला होता.

आता पॅरिसचं प्रकरण. चीनच्या शांदोंग प्रांतातलं एक बंदर आणि आजूबाजूचा भाग जर्मनीने १८९८ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. घेतला म्हणजे दमदाटी करून घेतला. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि जपानने तो भाग जर्मनीकडून जिंकला. पुढे चीनही जर्मनीविरुद्ध युद्धात उतरला. त्याआधीपासूनच हजारो चिनी मजूर युरोपात जाऊन खंदक खणत होते, माल वाहत होते. त्यामुळे चीनची अपेक्षा साधी होती : जर्मनी हरली, आता आमची जमीन आम्हाला परत द्या.

२७ जानेवारी १९१९ ला जपानने आपली बाजू मांडली. २८ तारखेला कू उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकतिसावा वाढदिवस होता. समोर विल्सन, लॉइड जॉर्ज, क्लेमेन्सो, म्हणजे जगाचा नकाशा बदलणारी माणसं. कूंनी दोन मुद्दे धरले. एक, शांदोंग ही कन्फ्यूशियसची जन्मभूमी, चिनी संस्कृतीचा पाळणा, चिनी माणसाची पुण्यभूमी. दुसरा, पक्का कायद्याचा : १९१५ मध्ये जपानने चीनकडून जे करार करून घेतले ते दबावाखाली झाले, आणि जर्मनीशी युद्ध पुकारल्यावर भाडेपट्टा आपोआप संपला. मग जर्मनीकडे उरलंच काय, जे जपानला मिळेल?

भाषण गाजलं. अभिनंदनं झाली. आणि तरी चीन हरला.

का? कारण निकाल आधीच लागलेला होता. १९१७ मध्येच ब्रिटन आणि फ्रान्सने जपानला गुपचूप शब्द दिला होता. त्याहून वाईट म्हणजे १९१८ मध्ये खुद्द चीनच्या सरकारने, पैशांच्या गरजेपोटी, शांदोंगबाबत जपानच्या अटी ‘आनंदाने मान्य’ असं लिहून दिलं होतं. आपण मीटिंगमध्ये जीव तोडून प्रेझेंटेशन द्यावं आणि नंतर कळावं, की वरच्यांनी आठवड्यापूर्वीच सगळं ठरवलंय. तसं. फक्त इथे दावणीला देशाचा एक प्रांत होता.

३० एप्रिलला शांदोंग जपानला द्यायचं ठरलं. ४ मे रोजी बीजिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ती चळवळ आजही चीनच्या इतिहासातलं वळण मानली जाते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चिनी शिष्टमंडळ लगेच उठून गेलं नाही. त्यांनी विचारलं, तहात आमचा आक्षेप नोंदवून सही करू का? नाही. मग आक्षेप परिशिष्टात टाकू का? नाही. बरं, वेगळं पत्र देऊ का? तेही नाही. एकेक दार ठोठावून झालं, सगळी बंद निघाली, तेव्हा सही न करायचं ठरलं. हा निर्णय एकट्या कूंचा नव्हता. बाकीचे प्रतिनिधी होते, पॅरिसमधल्या चिनी विद्यार्थ्यांचा आणि कामगारांचा दबाव होता. पण आक्षेप नोंदवून सही करता येईल का, यासाठी शेवटपर्यंत खेटे घालणाऱ्यांत कू होते.

आणि हा नुसता रुसवा नव्हता. सही न केल्याने शांदोंगवरचा हक्क सोडलाय असं कुणालाच म्हणता येईना. राष्ट्रसंघाचं सदस्यत्व? त्यालाही वाट होती. ऑस्ट्रियाबरोबरच्या वेगळ्या तहावर चीनने सप्टेंबरमध्ये सही केली आणि त्या दाराने आत गेला. फेब्रुवारी १९२२ मध्ये वॉशिंग्टनला जपानशी करार झाला, आणि शांदोंग परत मिळालं. रेल्वेचे पैसे मोजावे लागले, पण जमीन आली. तिथेही चीनच्या प्रतिनिधींमध्ये कू होतेच.

पुढे २६ जून १९४५ ला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सगळ्यात पहिली सही चीनची झाली, आणि ती केली कूंनीच. सही कधी करायची नाही हे कळणाऱ्या माणसाला ती कधी करायची हेही कळत होतं.

नंतर दहा वर्षं ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश होते. आणि इथे ते चक्क आपल्या गोष्टीत येतात. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त झाली. त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते. पोर्तुगालने भारतावर खटला भरला : आम्हाला तिथे जायला वाट द्या. पुरावा म्हणून पुढे आला १७७९ चा मराठ्यांशी झालेला तह! भारताकडून न्यायाधीश म्हणून छागला बसले होते आणि त्याच पीठावर कू. कोर्ट म्हणालं, मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सरंजामासारखा. सार्वभौमत्व नाही दिलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात सामान्य लोकांच्या येण्याजाण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला, पण सैन्य नेण्याचा नाही. तेही ८ विरुद्ध ७ मतांनी. जुन्या तहातला एकेक शब्द किती जड असतो, हे त्या पीठावर कूंइतकं कुणी भोगलं असेल?

एक शेवटचं. १९४८ च्या अखेरीस चिनी कम्युनिस्टांनी युद्धगुन्हेगारांची यादी काढली, तीत कूंचं नाव होतं. १९९९ मध्ये त्याच चीनमध्ये त्यांना नायक करणारा सिनेमा निघाला, ‘माय १९१९’. तो पाहायला कू नव्हते. १९८५ मध्ये, ९७ व्या वर्षी, न्यूयॉर्कला ते गेले.

मला या गोष्टीतून एवढंच उरतं. चांगलं बोलल्याने निकाल बदलेलच असं नाही. पण आपली बाजू नीट मांडून ठेवली आणि चुकीच्या कागदावर सही केली नाही, तर पुढच्या वेळी बोलायला जागा उरते. कूंना ती तीन वर्षांनी मिळाली.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!