नोटीस देव्हाऱ्यात ठेवू नका

(मंडळाच्या सभेत झालेले हे भाषण सभासदांच्या आग्रहावरून छापीत आहोत.)



प्राप्तिकराच्या नोटिशीवर बोलायला आम्हाला उभे केले आहे. आम्ही वकील नाही, सी.ए. नाही. बी.कॉम. झालो आणि वीस वर्षे बँकेच्या खिडकीमागे काढली, एवढीच आमची पात्रता. तेव्हा कायद्याच्या पुस्तकातले थोडे सांगू, आणि आमच्या चुकीचे जास्त. ज्यांच्याबाबत ती चूक झाली त्या काकू आज सभेत बसल्या आहेत. नाव घेऊ नका, असे त्यांनी बजावले आहे. अर्थात निंबोळी अड्ड्यापासून बरकतपुऱ्यापर्यंत आपण सगळे एकमेकांना ओळखतोच.

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र कुणी विसरलेले नाही. 10 तारखेला बँका उघडल्या तेव्हा आमच्या शाखेसमोरची रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती. 19 डिसेंबरला फर्मान आले की पाच हजारांवर जुन्या नोटा एकदाच भरता येतील, आणि इतके दिवस का भरल्या नाहीत याचे उत्तर दोन अधिकाऱ्यांसमोर द्यावे लागेल. 21 तारखेला ते मागे घेतले. मधल्या दोन दिवसांत लोकांनी आमचा उद्धार केला तो वेगळाच.

त्या रांगेत काकू होत्या. वय अडुसष्ट, विधवा, कौटुंबिक निवृत्तिवेतनावर घर चालते. त्यांनी चार लाख साठ हजार भरले. चलन आम्हीच लिहून दिले. काकूंनी विचारले, "एवढे भरले तर पुढे काही त्रास नाही ना?" आम्ही म्हणालो, "तुमचे कष्टाचे पैसे, कोण काय म्हणणार?" काउंटरवरून दिलेला हा सल्ला पुढे फार महाग पडला.

बचत खात्यात 9 नोव्हेंबर ते 30 डिसेंबर या काळात अडीच लाख किंवा जास्त रोख आली असेल तर बँकेने ते प्राप्तिकर विभागाला कळवायचे होते. तशी यादी गेली. 2018 च्या सुरुवातीला काकूंच्या जुन्या पत्त्यावर इंग्रजी नोटीस आली: विवरणपत्र भरा. ती घेऊन काकू पुन्हा आमच्याकडे आल्या. आपल्यातल्याच एकाने, नाव जाऊ द्या, छातीठोकपणे सांगितले की निवडणूक जवळ आली आहे, साहेबांच्या कानावर घालतो, एका फोनचे काम आहे. आम्हीही मान डोलावली. काकूंनी नोटीस देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे ठेवली. साहेबांचा फोन झाला की नाही, देव जाणे.

मते मागायला सगळे पक्ष आपल्या गल्लीत येतात आणि दोन वाक्ये मराठीत बोलून जातात. त्यांच्याकडून नळ मागा, रस्ता मागा, शाळेतले मराठी माध्यम टिकवा म्हणा, तो आपला हक्कच आहे. पण कर आकारणीचा अधिकारी हा कायद्याने निर्णय देणारा अधिकारी असतो. नोटिशीला मुदतीत उत्तर गेले नाही तर उपलब्ध माहितीवर एकतर्फी आकारणी करण्याची मुभा त्याला 1961 च्या कायद्याने दिली आहे. तिथे आमदाराचा फोन चालत नाही. चालला तरी कागदावर उमटत नाही, आणि अपिलात कागदच बघतात.

डिसेंबर 2019 मध्ये आदेश आला. चारही लाख साठ हजार 'अस्पष्टीकृत पैसा' ठरले. अशा पैशावरचा दर 2016 च्या डिसेंबरात वाढवला होता: साठ टक्के कर, त्यावर पंचवीस टक्के अधिभार, त्यावर तीन टक्के उपकर. म्हणजे शंभर रुपयांवर 77 रुपये 25 पैसे. ज्येष्ठ नागरिकाला त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता, पण ती सूट अशा पैशाला लागत नाही. हिशेब करा: 3,55,350 रुपये, व्याज वेगळे. हा आदेशही गणपतीच्या मागे गेला.

फेब्रुवारी 2020 मध्ये आमच्या शाखेत वसुलीचे पत्र आले: या खातेदाराची रक्कम आम्हाकडे भरा. ते पत्र आमच्याच टेबलावर आले. चलन आम्ही लिहिले, सल्ला आम्ही दिला, आणि खात्याला कुलूप लावण्याची नोंदही आम्हीच केली. दुसऱ्या दिवशी काकू पेन्शन काढायला आल्या तेव्हा आम्ही जेवणाच्या सुट्टीचे निमित्त करून आत गेलो. हे आज पहिल्यांदाच सांगतो आहोत.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे काकूंना घेऊन बरकतपुऱ्यातल्या एका वकिलाकडे गेलो. कराची कामे करणारा, आपल्यातलाच माणूस. वाटेत काकू एकच म्हणत होत्या, "मी चोरी केली नाही, मग मला वकील कशाला?" हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. गांधीजींच्या चरखा संघावर मुंबई इलाख्यात प्राप्तिकर बसवला गेला. गरिबांच्या हाताला काम देणारी संस्था, लपवायचे काय होते? तरी संघाने वकील दिले, प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेले आणि 1944 मध्ये जिंकले. आपल्या हैदराबादेतली विवेकवर्धिनी 1907 साली उभी राहिली, ती उभारणारे केशवराव कोरटकर पेशाने वकीलच. आपल्या वडीलधाऱ्यांना वकिलाची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

वकिलाने कलम-बिलम काही काढले नाही. पासबुक मागितले, तेही 2016 चे नव्हे, तीन वर्षांचे. पाने उलटता उलटता एका ओळीवर बोट ठेवले: सप्टेंबर 2016, मुदतठेव मोडून 1,80,000 रुपये रोख काढले. काकू म्हणाल्या, "नातीचे लग्न होते ना मार्गशीर्षात." दोन महिन्यांपूर्वी याच खात्यातून निघालेला पैसा परत त्याच खात्यात आला होता! ही नोंद आमच्याच बँकेची, आम्ही रोज बघतो तसली, आणि चलन लिहिताना आम्हाला ती दिसली नव्हती.

अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस, ती टळली होती. उशीर का झाला हे शपथपत्रावर सांगून माफी मागता येते. वकिलाने पत्ता बदलल्याचा पुरावा, वय आणि इंग्रजी वाचता न येणे, हे सारे त्यात मांडले. देव्हाऱ्याचेही लिहिले. आम्हाला संकोच वाटला, पण तो म्हणाला, खरे आहे तेच लिहायचे. अपिलाची फी एक हजार. मागणीच्या वीस टक्के भरले तर सहसा वसुली थांबवतात, असे विभागाचेच 2017 चे परिपत्रक आहे. 71,070 रुपये झाले. काकूंनी पाटल्या गहाण टाकल्या. खाते मोकळे झाले, आणि आठवड्यांतच टाळेबंदी लागली.

मग अपिले चेहराविरहित झाली. कुठे जायचे नाही, सगळे पोर्टलवर आणि ई-मेलवर. बरे की वाईट, यावर वाद घालता येईल. आमच्या मते काकूंसारख्यांना समोरचा माणूस दिसत नाही हे वाईट, आणि प्रत्येक प्रश्न लेखी येतो हे बरे. ई-मेल नातवाचा दिला होता. त्याला आम्ही दर सोमवारी फोन करायचो.

दरम्यान जून 2021 मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाने ग्वाल्हेरच्या एका गृहिणीच्या बाजूने निकाल दिला. तिने नोटाबंदीत 2,11,500 रुपये भरले होते. गृहिणीची अडीच लाखांपर्यंतची अशी बचत तिचे लपवलेले उत्पन्न मानू नये, असे पीठ म्हणाले. विभागाच्याच फेब्रुवारी 2017 च्या सूचनेत धंदा नसलेल्या व्यक्तीसाठी अडीच लाखांची आणि सत्तरीवरच्यांसाठी पाच लाखांची मर्यादा होती. काकू दोन वर्षांनी लहान पडल्या! वकिलाने तो निकाल जोडला. आम्ही चौघे मिळूनही तो शोधू शकलो नसतो. वकिलाची फी द्यायची ती यासाठी.

1,80,000 पासबुकाने सुटले. 2,50,000 बचत म्हणून मान्य झाले. उरले तीस हजार. ते काकूंचे नव्हतेच, ते आपल्या भजनी मंडळाचे होते. पंढरपूरच्या फेरीसाठी महिलांनी जमवलेले. भजनी मंडळाचे खाते नव्हते म्हणून काकूंच्या खात्यात टाकले. वकिलाने पावतीपुस्तक मागितले, ते नव्हते. सभेचे इतिवृत्त मागितले, तेही नव्हते. एक वही निघाली, त्यात पहिल्या नावांपुढे आकडे आणि मध्येच साबुदाण्याचा हिशेब. 2022 मध्ये निकाल आला तेव्हा तीस हजार कायम राहिले. त्यावर कर 23,175 रुपये आणि वर व्याज. भरलेल्या पैशातून ते वळते झाले, बाकी काकूंना परत मिळाले. पाटल्या सुटल्या.

आता कामाचे. 1961 च्या कायद्यानुसार तुमच्या वतीने वकील, सी.ए., नातेवाईक किंवा तुमचा नोकर उभा राहू शकतो. ज्या शेड्यूल्ड बँकेशी तुमचा नियमित व्यवहार आहे तिचा अधिकारीसुद्धा. अधिकारी हं, कारकून नव्हे, तेव्हा आमच्याकडे येऊ नका! स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, आणि त्यातल्या 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणेही येतात. हे काकूंच्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हते. ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या पत्रावर ओळख क्रमांक असावा लागतो. तो पोर्टलवर ताडून बघा, कारण खोट्या नोटिशी पाठवून पैसे उकळणारेही आहेत. 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 या तारखेपासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. जुन्या वर्षांच्या प्रकरणांना मात्र जुनाच कायदा. कुठले कलम कुठे गेले हे वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅपला नको.

शेवटी कार्यकारिणीच्या वतीने दोन ठराव मांडतो. पहिला, भजनी मंडळासह सर्व उपसमित्यांचा पैसा यापुढे मंडळाच्याच खात्यात आणि क्रमांकित पावतीवर. दुसरा, काकूंनी आपल्या तीस हजारांपायी भरलेला कर व्याजासह मंडळाने त्यांना द्यावा. हे सुचायला आम्हाला इतकी वर्षे लागली, याबद्दल काकूंची क्षमा मागतो. काकू नको म्हणतील. त्यांचे ऐकू नये अशी विनंती आहे. खजिनदार पावतीपुस्तक घेऊन दारापाशी बसले आहेत, आणि आमची पावती क्रमांक एक आहे.