पत्राची मागची बाजू



पत्रिकेत विषय छापला आहे ‘पीतज्वराच्या संशोधनाचा इतिहास’. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की मी कुठूनही निघालो तरी शेवटी जुन्या पत्रांपाशीच पोचतो. आज निघायचंच तिथून आहे, तेवढाच तुमचा वेळ वाचेल. (हशा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना मागच्या दाराने निघता येईल. छापील शोधनिबंधात काय सापडलं ते कळतं. ते कोणाला, कधी आणि कोणाच्या जिवावर सापडलं, हे कळायला त्या माणसांची घरगुती पत्रं लागतात. इतिहासाचे प्राध्यापक यावर मान डोलावतात. आमचे डॉक्टर लोक मात्र म्हणतात, निष्कर्ष बरोबर आहे ना, मग पत्रं कशाला उचकायची? त्यांच्यासाठी आजची संध्याकाळ.

पीतज्वर आपल्याकडे झालेला नाही. तो पसरवणारा एडिस डास मात्र आपल्याकडे हवा तेवढा आहे, डेंग्यूची कृपा त्याचीच. आत्ता या सभागृहात जे चावतायत ते बहुधा क्युलेक्स. एडिस दिवसा कामाला असतो, त्यामुळे आयोजकांनी घाबरून जाऊ नये. (हशा) आफ्रिकेत नोकरीला गेलेली मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी ते पिवळं कार्ड पाहिलं असेल. लस नाही तर प्रवेश नाही. रॉस, सिकंदराबाद, मलेरिया हे सगळं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, ते सोडून देतो.

थेट हवानाला जाऊ. १८८१ साली तिथल्या विज्ञान अकादमीत डॉ. कार्लोस फिनले यांनी निबंध वाचला: हा ताप डास पसरवतो. पुढची जवळजवळ वीस वर्षं लोक त्यांना हसले. फिनलेंचं चुकलं ते एवढंच, की रोग्याला चावलेला डास ते फार लवकर दुसऱ्याला चावायला देत. डासाच्या पोटात विषाणू तयार व्हायला बारा दिवसांच्या आसपास जावे लागतात. पहिला रोगी आणि त्याच्यापासून पुढे लागण झालेले रोगी यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडतं, हे हेन्री कार्टर या अमेरिकन डॉक्टरने १८९८मध्ये मिसिसिपीतल्या खेड्यांत बसून मोजलं होतं. दोन माणसांकडे कोड्याचे दोन तुकडे होते, जुळवणारा हवा होता.

१९०० साली अमेरिकी लष्कराने क्यूबात मंडळ पाठवलं. मेजर वॉल्टर रीड प्रमुख. जेम्स कॅरोल, जेसी लझीर आणि आरिस्तिदेस आग्रामोन्ते सदस्य. फिनलेंनी डासांची अंडी दिली आणि ते डास लझीरने वाढवले. चौघांत डासांवर खरा विश्वास होता तो त्याचाच. २७ ऑगस्टला कॅरोलने स्वतःला डास चाववून घेतला आणि तो मरणाच्या दारातून परत आला.

आता दोन पत्रं ऐका. रीड तेव्हा वॉशिंग्टनला होता, टायफॉइडच्या अहवालाचं काम उरकत. कॅरोल वाचला ही बातमी त्याला ७ सप्टेंबरला कळली. त्याने कॅरोलला आनंदाने ओसंडणारं पत्र लिहिलं, देवाचे आभार मानले. मग कागद उलटा करून मागच्या बाजूला एकच प्रश्न लिहिला: हे डासानेच केलं का? मंडळाचा प्रमुख, इतिहासात ज्याच्या नावावर हा शोध जमा आहे तो माणूस, ७ सप्टेंबरला अजून विचारतोय!

दुसऱ्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, क्यूबातून लझीरने बायकोला, मेबलला, पत्र लिहिलं. खऱ्या कारणाचा माग लागलाय असं वाटतं, पण एवढ्यात कुठे बोलायचं नाही, मी कोणालाच सांगितलेलं नाही, असा त्याचा आशय. मेबल नुकतीच बाळंत झालेली. ती मुलगी लझीरने कधी पाहिली नाही. २५ सप्टेंबरला तो पीतज्वराने गेला, वय चौतीस. रुग्णालयात एक मोकाट डास हातावर बसला, तो त्याने बसू दिला, अशी अधिकृत हकीकत. पण नोंदवहीत १३ सप्टेंबरला एका गिनीपिगला डास चावल्याची नोंद आहे. तो गिनीपिग म्हणजे लझीर स्वतःच असावा, असा अनेक अभ्यासकांचा संशय आहे.

ही दोन पत्रं शेजारी ठेवली की एका दिवसाच्या अंतरात सगळं दिसतं. एकजण विचारतोय, दुसऱ्याला कळू लागलंय, आणि दोघांच्या मध्ये समुद्र. हे कुठल्या शोधनिबंधात येणार? छापील निबंधात फिनलेंचेही आभार आहेत, सगळं रीतसर आहे. पण ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रीडने बायकोला, एमिलीला, लिहिलेलं पत्र वाचा. जुनं शतक संपायला दहा मिनिटं उरलीत. ला रोश यांचा १८५३चा पीतज्वरावरचा ग्रंथ वाचत तो बसलाय. चोवीस बिगुलवाले एकदम बिगुल वाजवतायत. आणि तो लिहितो की सत्तेचाळीस वर्षांनी हा पडदा दूर करणं माझ्या आणि माझ्या सहाय्यकांच्या वाट्याला आलं. सहाय्यक! लझीरला जाऊन तीन महिने झाले होते.

तिसऱ्या रांगेतून मघाशी कोणीतरी म्हणालं, ‘रीडवर तुमचा राग दिसतो.’ राग नाही हो. दिवसभर प्रेतं आणि डास पाहिलेला माणूस रात्री बायकोशी थोडी बढाई मारणार नाही तर कोणाशी? (हशा) तो फार सभ्य माणूस होता. सहकारी आजारी पडत असताना आपण सुरक्षित देशात बसलोय याची त्याला लाज वाटत होती, तेही पत्रांतच सापडतं. मी एवढंच म्हणतोय, की श्रेय कसं सरकत जातं ते पत्रांमुळे रंगेहाथ पकडता येतं.

आता कँप लझीर. हे थोडक्यात सांगणार होतो, पण तुम्ही ऐकताय असं दिसतंय. नोव्हेंबरात रीडने माळावर तंबू ठोकले, दोन लाकडी खोल्या बांधल्या आणि छावणीला मेलेल्या मित्राचं नाव दिलं. पहिली खोली मळक्या कपड्यांची. दारं-खिडक्या बंद, आत शेगडी. पीतज्वराच्या रोग्यांच्या वांतीने, मलमूत्राने बरबटलेल्या चादरी आणि उशा पेट्यांत भरून आणल्या होत्या. डॉ. कूक आणि फोक, जर्निगन हे दोन शिपाई ३० नोव्हेंबरला आत गेले, पेट्या उघडल्या आणि वासाने धावत बाहेर आले. बाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आत गेले. त्या चादरी झटकायच्या, अंथरायच्या आणि त्यांवरच झोपायचं. वीस रात्री! तिघांपैकी एकालाही ताप आला नाही. रोग्याचे कपडे जाळणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र त्या खोलीत निकालात निघालं.

दुसरी खोली स्वच्छ, हवेशीर, मधोमध तारेची जाळी. जाळीच्या एका बाजूला डास, दुसऱ्या बाजूला नुसती माणसं. जॉन मोरान नावाचा कारकून २१ डिसेंबरला डासांच्या बाजूला जाऊन पडला. ऐन नाताळच्या दिवशी त्याला ताप भरला. पलीकडच्यांना काही झालं नाही. मोरानने पैसे घ्यायला आधीच नकार दिला होता. स्पेनहून नव्याने आलेल्या मजुरांशी मात्र लेखी करार झाला: सोन्याच्या नाण्यांत शंभर डॉलर, ताप आला तर आणखी शंभर. स्पॅनिश आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. एरवी क्यूबात हा ताप लागणं टळणारच नाही, मग इथे औषधोपचारांत लागलेला बरा, असा त्यात युक्तिवाद आहे. माणसांवरच्या प्रयोगाआधी लेखी संमती घेतल्याच्या सगळ्यात जुन्या उदाहरणांत हे कागद धरतात. आज रुग्णालयात तुम्ही न वाचता जिथे सही ठोकता ना, त्याचा हा आजोबा. चांगला आजोबा की कसा, ते तुम्ही ठरवा. गरिबाला शंभर डॉलर दाखवून घेतलेली संमती माझ्या घशाखाली सहज उतरत नाही.

(या वेळी वक्त्यांकडे चिठ्ठी आली.) दहा मिनिटं? साडेनऊची शेवटची एसटी आहे म्हणे. बरं.

हे कागद राहिले कसे, तेवढं सांगतो. मेयो क्लिनिकमधले फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर. १९५०चं नोबेल त्यांना कॉर्टिझोनसाठी मिळालं, पीतज्वराशी व्यावसायिक संबंध शून्य. पण या गोष्टीने त्यांना झपाटलं. ते म्हाताऱ्या मोरानला भेटले, विधवांना पत्रं लिहिली, क्यूबात जाऊन छावणीची जागा हुडकली. तिथे १९००मधली एक खोली अजून उभी होती. हेंच १९६५मध्ये गेले आणि त्यांच्या पत्नीने हजारो कागदांचा हा संग्रह व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला, जिथून रीड डॉक्टर झाला होता. मघाची पत्रं आज आपण वाचू शकतो ती या माणसाच्या वेडामुळे.

आपला संबंध काय, असं आयोजकांनी फोनवर विचारलं होतं. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढायला मदत केली, आजची एनआयव्ही. पीतज्वराच्या मागे आफ्रिकेत आपले संशोधक गमावलेली हीच संस्था. १९५७मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली तेव्हा पुण्याच्या लोकांना पहिली धास्ती वाटली ती पीतज्वर भारतात शिरल्याची. निघाला गोचिडांनी पसरणारा वेगळाच विषाणू, क्यासनूर जंगलाचा ताप. त्या दिवसांत रानात हिंडलेले मदतनीस, ड्रायव्हर, माकडांची प्रेतं उचलणारे लोक यांनी घरी काय लिहिलं असेल? ती पत्रं आपल्याच कुठल्या तरी माळ्यावर असतील, किंवा गेल्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली असतील. वजनावर.

चिठ्ठी पुन्हा आली, म्हणून कामाचं बोलतो. तुमच्या घरात कोणी कंपाउंडर, नर्स, लस टोचणारे, मलेरियाचे फवारणीवाले असतील, त्यांची पत्रं बाहेर काढा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. पाकीट फेकू नका, तारखेचा शिक्का पाकिटावरच असतो. पत्र कोणी कोणाला लिहिलं ते पेन्सिलने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि झेरॉक्स काढाल तर दोन्ही बाजूंची काढा. इथल्या ग्रंथपालबाईंनी या पत्रांसाठी एक कपाट मोकळं केलंय. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी तिथे बसतो, पत्रं घेऊन या.