बंदूक कोणती, काडतूस कोणतें ?



गेल्या कांहीं वर्षांत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील गांवांतून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. उसांत बिबट्या शिरला आहे, दिवस मावळण्यापूर्वीं अंगणांतील मूल घरांत घेऊन दार लावावें लागतें. अशा वेळीं शेतकऱ्याच्या हातीं चांगली बंदूक कां देऊं नये? शहरांतील घरांत वर्तमानपत्र वाचतांना हाच प्रश्न निराळ्या शब्दांत निघतो. कोणी म्हणतो, सरळ गोळी घालावी. कोणी म्हणतो, मुक्या जनावरावर गोळी घालूंच नये. दोन्ही पक्ष बंदुकीविषयीं बोलतात. परंतु तिच्यांतून काय सुटतें आणि तें कोठपर्यंत जातें, याचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाहीं. मी आयुष्यभर शाळेंत अंकगणित शिकविलें. तेव्हां आज तो हिशेबच आपणांपुढें ठेवावा असें योजिलें आहे.

प्रथम नांवांचा उलगडा करूं. छऱ्याच्या बंदुकीस 'बारा बोर' म्हणतात, तो आंकडा इंचांचा नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल ती बारा बोरची नळी. म्हणूनच सोळा बोरची नळी तिच्याहून अरुंद असते, रुंद नव्हे. ही नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळींत मळसूत्राप्रमाणें पिळदार खोबणी असतात; त्यांमुळें गोळी भोंवऱ्यासारखी स्वतःभोंवतीं फिरत जाते व दूरवर सरळ राहते. रायफलीचा आंकडा मात्र ढोबळ मानानें इंचांत असतो. .३७५ म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील पावणेचारशें.

गोळीचें वजन ग्रेनांत मोजतात. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. '.३०-०६' नांवाचें प्रसिद्ध अमेरिकन काडतूस १९०६ सालीं निघालें. त्यांतील नेहमीच्या वापराची एक गोळी १८० ग्रेनांची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची. सोनाराच्या तराजूंत एवढासा दिसणारा हा शिशाचा तुकडा नळींतून सेकंदास सुमारें २,७०० फूट वेगानें निघतो, आणि त्याचा आघात सुमारें २,९०० फूट-पौंड भरतो. १९१२ सालच्या .३७५ च्या काडतुसांत गोळी ३०० ग्रेनांची, म्हणजे एक तोळा आठ मासे. वेग सुमारें २,५०० फूट आणि आघात ४,००० फूट-पौंडांच्या वर. येथें एक नियम ध्यानांत ठेवावा. गोळीचें वजन दुप्पट केलें तर आघात दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर तो चौपट होतो.

आतां निवड कशी करावयाची ? अमेरिकेंत 'एल्क' नांवाचें थोर हरिण आहे. त्याचा नर सातशें पौंडांच्या आसपास भरतो. आपल्याकडे अंगापिंडानें त्याच्या जवळ जाणारा प्राणी म्हणजे सह्याद्रींतला सांबर. कोलोराडो संस्थानाच्या नियमाप्रमाणें एल्कच्या शिकारीस गोळी किमान ८५ ग्रेनांची पाहिजे आणि शंभर यार्डांवर तिचा आघात निदान १,००० फूट-पौंडांचा असला पाहिजे. हेतु एवढाच कीं, जनावर जखमी होऊन झुरत मरूं नये. परंतु मोठें काडतूस म्हणजे उत्तम काडतूस, असेंहि नाहीं. फार जड रायफलीचा धक्का खांद्याला बसूं लागला कीं मनुष्य चाप ओढण्यापूर्वींच दचकतो आणि नेम हुकतो. १९०७ सालीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल .२७५ ची, म्हणजे हलकीच होती. आणि पुढें त्यांनीं ती आवडीनें वापरली. गोळी किती मोठी यापेक्षां ती कोठें बसते याला महत्त्व अधिक.

जनावराचें वजन आणि अंतर या दोन गोष्टी झाल्या. तिसरी गोष्ट आपल्या मुलखानें शिकविली पाहिजे. ती म्हणजे, जनावराच्या पाठीमागें काय आहे ?

शिरूर ऊर्फ घोडनदी येथें एकोणिसाव्या शतकांत घोडदळाची छावणी होती. तिच्याभोंवतालचा आणि दौंडाकडचा मुलूख म्हणजे उघडा माळ. त्यावर काळविटें आणि चिंकारा चरत. काळविटाचें वजन साधारण एक मण. त्याच्यासाठीं मोठ्या आघाताची गरज नाहीं. पण तो दूर उभा राहतो, म्हणून शिकारी वेगवान गोळीची रायफल घेई. आतां हिशेब पाहा. अशी गोळी वर रोखून झाडली तर तीन मैलांच्या आसपास जाऊं शकते. सपाट माळावर तिला अडविणारी टेकडी नाहीं. पलीकडे धनगराचा वाडा असेल, पाणी आणावयास निघालेली बाई असेल. डोंगरांत जें काडतूस योग्य, तेंच माळावर घातक ठरूं शकतें. काळविटाचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मिटविला. त्याची शिकार बंद झाली. आणि पुढें रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं व सुपें येथें चिंकाऱ्यांसाठीं १९९७ सालीं अभयारण्यें झालीं. परंतु पाठीमागें काय आहे, हा प्रश्न मात्र उरलाच, आणि तो बिबट्याबरोबर पुन्हां पुढें आला.

कुकडी, घोड आणि चासकमान यांच्या पाण्यानें शिरुरांत, आणि मुळा-मुठेच्या व भीमेच्या पाण्यानें दौंडांत ऊस उभा राहिला. पुरुषभर उंचीहून उंच, वर्षभर उभें असणारें हें पीक बिबट्याला जंगलासारखेंच; त्याची पिलेंहि तेथेंच जन्मतात. त्याच्यावर चालवावयास तीन हत्यारें आहेत.

पहिलें, गांवांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आढळणारी बारा बोरची बंदूक. तिच्या 'एल. जी.' काडतुसांत मोजकेच मोठे छरे असतात. तीस-चाळीस यार्डांपुढें ते इतके पसरतात कीं जनावराला एखाददुसराच लागतो. बिबट्या मरत नाहीं, जखमी होतो आणि उसांत शिरतो. दुसऱ्या दिवशीं त्याच उसांत तोडणीची टोळी कोयते घेऊन उतरते, आणि तिच्याबरोबर तिचीं मुलेंहि असतात.

दुसरें हत्यार रायफल. बिबट्या दीडशें पौंडांच्या आंतबाहेर. त्याला मध्यम काडतूस पुरेसें होतें. पण काम रात्रीचें, आणि शेतांशेतांतून वस्त्या विखुरलेल्या. म्हणून जाणता नेमबाज शक्यतों उंचावर बसतो. म्हणजे गोळी चुकली तरी जमिनींत जाते.

तिसरें, भुलीच्या औषधाची बंदूक. तिच्यांतून पिचकारीवजा बाण वायूच्या दाबानें सुटतो. पल्ला जेमतेम तीस-चाळीस यार्ड. औषध जनावराच्या वजनाच्या अंदाजानें भरावें लागतें, बाण मांसल भागांत बसावा लागतो, आणि भूल चढावयास पांच-दहा मिनिटें किंवा अधिकहि लागतात. तेवढ्या वेळांत चवताळलेलें जनावर काय करील याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं.

शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड येथें २०२५ च्या आक्टोबर-नोव्हेंबरांत सुमारें तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन बालकें होतीं. लोक संतापून रस्त्यावर आले. नोव्हेंबरच्या आरंभीं वनखात्याच्या पथकाला तो बिबट्या रात्रीं आढळला. त्या वेळच्या वृत्तांताप्रमाणें आधीं भुलीचा बाण सोडण्यांत आला. तो साधला नाहीं, जनावर अंगावर आलें, तेव्हां नेमबाजांनीं गोळी झाडली. कायद्याच्या अकराव्या कलमाचा क्रमहि हाच आहे. माणसाच्या जिवाला धोका असलेलें जनावर पकडतां, भूल देतां वा हलवितां येत नाहीं अशी खात्री झाली, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणें लिहून त्याला मारण्याची परवानगी देतात.

'कारणें लिहून' हे शब्द कित्येकांना कचेरीचा घोळ वाटतात. तसें नाहीं. उसांत एक बिबट्या नसतो, अनेक असतात. आणि त्यांतले बहुतेक कुत्र्या-डुकरांवर पोट भरून माणसाला टाळतात. ज्यानें मूल नेलें तो सोडून भलताच मारला, तर गांव निर्धास्त होतें आणि धोका तसाच राहतो. जुन्नर भागांत बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा प्रयोग झाला होता; त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होतां वाढले, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें.

मग घरोघर बंदुका द्याव्या काय ? माझें उत्तर, नाहीं. पण हें उत्तर देऊन शहरवासीयांनीं स्वस्थ बसणें मला योग्य वाटत नाहीं. ज्या आईनें आपलें मूल गमावलें तिला कलमें वाचून दाखविण्याचा आपणांस अधिकार नाहीं. शेतकऱ्याच्या हातांत बंदूक नको असेल, तर ज्याच्या हातांत ती शोभेल असा शिकलेला मनुष्य तिच्या दारीं वेळेवर पोंचला पाहिजे. उसाच्या प्रत्येक तालुक्यांत भुलीची बंदूक, रायफल, पशुवैद्य आणि सराव केलेला नेमबाज यांचें एक पथक कायम तयार असावें; तिसऱ्या मृत्यूची वाट त्यानें पाहूं नये. यास पैसा लागेल. आपल्या चहांत विरघळणारी साखर ज्या उसाची, त्याच उसाच्या कडेला हीं माणसें राहतात. म्हणून त्या खर्चाचा भार आपणहि उचलावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.