खालच्या पायरीवरचे फटकेबाज

(रेडिओवरील भाषण)

अमेरिकेतील धंदेवाईक बेसबॉल दोन थरांत खेळला जातो. वरच्या थराला 'मेजर लीग' म्हणतात आणि तिच्यात न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो अशा मोठ्या शहरांचे संघ असतात. तिच्याखाली 'मायनर लीग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक स्पर्धांची उतरंड असते, जिच्यात लहान शहरांचे संघ खेळतात आणि जिच्या पायऱ्यांना पूर्वी ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिलेली असत. या खेळात फलंदाजाने मैदानाच्या कुंपणापलीकडे योग्य दिशेने चेंडू टोलावला, की तो चारही तळांना फेरी मारून एका फटक्यात धाव पुरी करतो, आणि त्या फटक्याला 'होम रन' म्हणतात. क्रिकेटमधील षटकार हा त्याचा जवळचा नातलग. असे फटके सातत्याने मारणारा फलंदाज संघाचा कणा मानला जातो, प्रेक्षक त्याच्यासाठी तिकीट काढतात. तरीही या उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर असे कित्येक फटकेबाज आयुष्यभर खेळत राहिले, ज्यांच्यासाठी वरच्या थराचे दार कधी उघडलेच नाही.

त्यांच्यापैकी जो बाउमन याची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. १९५४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल या गावाच्या संघाकडून 'सी' पायरीच्या स्पर्धेत खेळताना त्याने १३८ सामन्यांत ७२ होम रन मारले. त्याआधी कोणत्याही धंदेवाईक स्पर्धेत एका हंगामात ६९ च्या पुढे कोणी गेले नव्हते, आणि पुढे २००१ मध्ये बॅरी बाँड्सने मेजर लीगमध्ये ७३ होम रन मारेपर्यंत हा आकडा अबाधित राहिला. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, आर्टीशिया या शेजारच्या गावी एकापाठोपाठ दोन सामने होते. बाउमनला फलंदाजीची संधी जास्त वेळा मिळावी म्हणून त्याला क्रमात सर्वांत आधी पाठवण्यात आले आणि त्या एका दिवसात त्याने शेवटचे तीन होम रन मारले. रॉसवेल समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंचावर आहे, तिथल्या विरळ, कोरड्या हवेत चेंडू लांब जातो, हे खरे. पण ती हवा त्या स्पर्धेतील इतर फलंदाजांनाही मिळतच होती.

बाउमनच्या मिळकतीची रीत मात्र करमाळ्याच्या श्रोत्यांना परकी वाटू नये. त्याने होम रन मारला की फलंदाजामागे प्रेक्षकांच्या संरक्षणासाठी जी तारेची जाळी लावलेली असे, तिच्या भोकांतून लोक डॉलरच्या नोटा खोचून ठेवत आणि तो फेरी पुरी करून त्या गोळा करीत जाई. गावाच्या जत्रेत कुस्तीच्या फडावर प्रतिस्पर्ध्याला चितपट करणाऱ्या पैलवानाच्या हातात प्रेक्षक उठून नोट ठेवतात, किंवा उन्हाळ्यात पीक निघालेल्या रानात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात तेव्हा पुढच्या षटकाराला अमुक रुपयांचे बक्षीस असल्याचे लाऊडस्पीकरवरून पुकारले जाते, त्यातलीच ही गोष्ट आहे. या सगळ्या ठिकाणी खेळाडूच्या कर्तृत्वाचा हिशेब दूरच्या निवड समितीकडे जात नाही. ज्याने फटका पाहिला तोच त्याची किंमत त्याच क्षणी चुकती करतो. खेळ संपवल्यानंतर बाउमनने रॉसवेलमध्येच पेट्रोल पंप चालवला आणि २००५ साली त्याचे निधन झाले. मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात याच जातीची, किंबहुना याहून मोठी, एक कारकीर्द आहे आणि ती निंबाळकर या आडनावाची आहे. हे आडनाव करमाळ्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे: येथील जहागीर रावरंभा निंबाळकरांची होती, गावचा भुईकोट किल्ला त्यांच्या घराण्याचा, आणि गावाबाहेरच्या टेकावरील कमलाभवानीचे देऊळ व तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर हीसुद्धा त्यांच्याच काळची. येथे ज्यांची कारकीर्द सांगायची ते भाऊसाहेब निंबाळकर मात्र कोल्हापूरचे, आणि केवळ आडनावाच्या साम्यावरून घराण्याचा धागा जोडणे योग्य होणार नाही. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ चा. क्रिकेटमध्ये देशादेशांत होणाऱ्या अनेक दिवसांच्या सामन्याला कसोटी म्हणतात. तिच्याखाली देशांतर्गत प्रथम श्रेणीचे सामने असतात, आणि भारतात त्यांतील प्रमुख स्पर्धा म्हणजे १९३४-३५ मध्ये सुरू झालेली रणजी करंडक स्पर्धा. निंबाळकरांची सगळी हयात या दुसऱ्या पायरीवर गेली. बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांकडून ते खेळले, कारण त्या काळात चांगल्या खेळाडूला संस्थानिकांचा किंवा एखाद्या खात्याचा आश्रय लागे आणि आश्रय बदलला की संघ बदले.

१९४८ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांवर आटोपला. महाराष्ट्राकडून निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली, जी दुसऱ्या गड्यासाठीचा जागतिक विक्रम म्हणून पाव शतकाहून अधिक काळ टिकली. तिच्यात भांडारकरांचा वाटा २०५ धावांचा होता. निंबाळकर मात्र थांबले नाहीत. ४९४ मिनिटांत, म्हणजे सव्वाआठ तासांच्या आत, त्यांनी ४४३ धावा केल्या आणि ते नाबाद होते. या धावांची फोड मनोरंजक आहे. त्यांत ४९ चौकार आणि केवळ एक षटकार होता, म्हणजे सीमारेषेकडे गेलेल्या चेंडूंनी २०२ धावा दिल्या आणि उरलेल्या २४१ धावा पळून काढाव्या लागल्या. आज फटकेबाज म्हटला की चेंडू हवेतून प्रेक्षकांत भिरकावणारा फलंदाज डोळ्यांसमोर येतो. निंबाळकरांचे बळ निराळे होते, ते जमिनीलगतच्या फटक्यांत आणि तासाला पन्नासहून अधिक धावांची गती दिवस उलटला तरी ढळू न देणाऱ्या दमात होते. आठ तास उन्हात उभे राहायचे, दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाच्याही धावांसाठी धावायचे, आणि तरीही चारशेव्या धावेनंतर हात सैल सोडून चेंडू पिटाळायचा, हे अंगमेहनतीचे काम आहे.

त्या वेळी जगातील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होती: १९३० च्या जानेवारीत सिडनीला न्यू साउथ वेल्सतर्फे क्वीन्सलँडविरुद्ध काढलेल्या नाबाद ४५२ धावा. तिची बरोबरी करायला निंबाळकरांना नऊ धावा हव्या होत्या आणि ती ओलांडायला दहा. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या असताना मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी डाव घोषित करा, नाहीतर आमचा संघ परत जाईल, अशा आशयाची अट घातली. आणखी दोन षटके खेळू देण्याची विनंती झाली, पण तीही मानली गेली नाही, असे या सामन्याच्या हकिकतीत सांगितले जाते. काठेवाडने सामना सोडून दिला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले. आपल्या संघाविरुद्ध विक्रम झाल्याची नोंद कायमची चिकटू नये ही भावना माणसाला सुचणे समजण्यासारखे आहे, पण तिला वश होऊन मैदान सोडणे खेळाच्या धर्माला धरून नव्हते, हे स्पष्ट म्हणायला हवे. आर्टीशियाच्या संघाने सहा वर्षांनंतर बाउमनला चेंडू टाकण्याचे नाकारले नाही.

या डावाच्या तारखांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता आणि एव्हर्टन वीक्स भारतीय गोलंदाजीवर शतकांमागून शतके काढत होते. पुण्यातील डाव मुंबईची दुसरी कसोटी संपल्यानंतर आणि कलकत्त्याची तिसरी कसोटी सुरू होण्यापूर्वी खेळला गेला, म्हणजे निवड समितीच्या डोळ्यांसमोर खेळला गेला असे म्हटले तरी चालेल. त्याच मुंबईच्या कसोटीत सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर पहिल्यांदा भारतातर्फे खेळले. त्यांनी पुढे ५९ कसोटी सामने खेळून ३६३१ धावा केल्या आणि १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले. उम्रीगरांची निवड सर्वस्वी योग्य होती, आणि तिला येथे उणेपणा आणायचा नाही. तथापि, निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही, राष्ट्रकुल संघाविरुद्धच्या एका अनधिकृत कसोटीवरच त्यांची बोळवण झाली, ही गोष्ट त्या काळच्या निवडीच्या पद्धतीबद्दल बरेच काही सांगून जाते. कसोटी खेळणारे देश थोडे होते, सामने क्वचित होते, आणि संघातील फलंदाजीच्या जागा हजारे, अमरनाथ, मोदी, अधिकारी अशा नावांनी भरलेल्या होत्या. शिवाय त्या वर्षांतील देशी खेळपट्ट्यांवर धावा इतक्या स्वस्त होत्या, की मोठ्या आकड्यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नसे. त्याच हंगामात पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या रणजी सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या, आणि मुंबई ३५४ धावांनी जिंकली. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा अन्य कधीही झालेल्या नाहीत.

धावा स्वस्त होत्या हे मान्य केले, तरी त्या खेळपट्ट्यांवर चारशेच्या पुढे जाणारे फलंदाज एकाहून अधिक झाले नाहीत, आणि आजही भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीत केलेली सर्वोच्च धावसंख्या ही नाबाद ४४३ च आहे. एका डावापुरता हा विचार मर्यादित ठेवणेही चूक ठरेल. निंबाळकरांनी ८० प्रथम श्रेणी सामन्यांत ४८४१ धावा केल्या, त्यांची सरासरी ४७.९३ होती आणि शतके बारा. त्याखेरीज त्यांनी ५८ बळीही घेतले. केवळ रणजी करंडकापुरती त्यांची सरासरी ५६ च्या पुढे जाते. ही सरासरी एका नशीबवान दुपारची कमाई नव्हे. निरनिराळ्या संघांतून, निरनिराळ्या मैदानांवर, वर्षानुवर्षे ती सांभाळलेली आहे. अशा माणसाला 'कसोटी न खेळलेला' या एका शब्दसमूहाने ओळखणे म्हणजे त्याने जे केले त्याऐवजी त्याला जे मिळाले नाही त्याने त्याचे मोजमाप करणे होय. रणजी करंडक ही कसोटीची ओसरी नाही. ती तिच्या प्रेक्षकांसाठी पुरा खेळ असते, आणि पुण्यात त्या दिवशी बसलेल्या प्रेक्षकांनी पाहिलेला डाव कोणत्याही कसोटीतील डावाइतकाच पुरा आणि खरा होता. मायनर लीगमध्ये ४३३ होम रन मारून २०१५ मध्ये अमेरिकेतील या थराचा विक्रम करणाऱ्या माइक हेसमनला मेजर लीगमध्ये १०९ सामने आणि १४ होम रन एवढेच लाभले. त्याचे जे खरे काम, ते टोलीडोसारख्या शहरांच्या मैदानांवर झाले आणि तिथल्या लोकांनी ते पाहिले.

निंबाळकरांना २००२ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, मुंबईच्या वानखेडे मैदानावर महाराष्ट्राने दिल्लीविरुद्ध २ बाद ६३५ धावांवर डाव घोषित केला. स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८ असे दोघे तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची भागीदारी करून उभे होते, आणि कोणत्याही गड्यासाठीच्या जागतिक विक्रमापासून, म्हणजे महेला जयवर्धने आणि कुमार संगक्कारा यांच्या ६२४ धावांपासून, ते तीस धावा दूर होते. या वेळी थांबण्याचा निर्णय महाराष्ट्राचाच होता. उत्तरादाखल दिल्लीच्या एका एकोणीस वर्षांच्या यष्टिरक्षकाने ३०८ धावा केल्या. त्याचे नाव ऋषभ पंत, आणि पुढच्याच वर्षी तो भारताकडून खेळू लागला. गुगळे आणि बावणे रणजी करंडकात धावा करीत राहिले.