बिगुलाला झडप कशी आली

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे दोन-अडीच कोसांवर हडपसर लागतें. आषाढी वारींत आळंदीची व देहूची अशा दोन्ही पालख्या येथवर बरोबर येतात. येथून ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरची वाट धरते. ज्या श्रोत्यांनीं हा वियोग पाहिला असेल, त्यांच्या कानांत टाळमृदंगाबरोबर तुतारीचा सूरही राहिला असेल. त्या तुतारीला भोंक नाहीं, चावी नाहीं, पडदा नाहीं. वांकडी नळी, फुंकणाऱ्याचा श्वास आणि त्याचे ओठ, एवढेंच तिचें भांडवल.

याच हडपसरच्या माळावर २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, यशवंतराव होळकरांनीं दुसऱ्या बाजीरावाच्या व दौलतराव शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. दोन्ही पक्षांकडे युरोपीय पद्धतीची कवाईत शिकलेल्या पलटणी होत्या. त्या दिवशीं तेथें शिंग फुंकलें गेलें असो, कर्णा असो वा बिगुल असो, त्या वाद्याला झडप नव्हती हें खास. आज कॉर्नेटवर तीन बोटांखालीं जी झडप दिसते आणि जिला बँडवाले व्हॉल्व्ह म्हणतात, ती तेव्हां पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच निघाली नव्हती.

झडपेची गरज कां पडली, हें समजण्यासाठीं बिगुलाची अडचण पाहिली पाहिजे. एका लांबीच्या नळींतून वाटेल तो स्वर निघत नाहीं. ओठ आवळीत गेलें म्हणजे नळी आपल्या ठरलेल्या पायऱ्यांनींच वर चढते: सा, मग प, मग वरचा सा, त्यावरचा ग आणि त्यावरचा प. लष्करी बिगुलाच्या साऱ्या इशारती या पांच पायऱ्यांवर बसविलेल्या आहेत. रे, म, ध, नी हे स्वर मिळत नाहींत. शिपायाला उठविण्यास किंवा मेलेल्या सोबत्याला मानवंदना देण्यास पांच स्वर पुरतात. भूपाळी म्हणण्यास पुरत नाहींत.

यावर जुना तोडगा असा होता कीं, वाजविणाऱ्यानें निरनिराळ्या लांबीच्या जोड-नळ्या जवळ बाळगाव्या आणि गत बदलली कीं नळी बदलावी. हा खटाटोप वाचविण्याची युक्ति प्रशियांतील दोघांना सुचली. हाइनरिख श्टोल्त्सेल हा एका सरदाराच्या पदरचा हॉर्नवादक. फ्रीडरिख ब्ल्यूमेल हा खाणकामगारांच्या बँडांतला. नळीला कायमच्या जोड-नळ्या लावून ठेवाव्या आणि बोट दाबतांच वारा त्यांतून वळवावा, ही ती युक्ति. १८१४ च्या सुमारास श्टोल्त्सेलची झडप प्रसिद्धीस आली आणि १८१८ मध्यें दोघांना मिळून तिचें पेटंट मिळालें. इकडे पेशवाई बुडाली तेंच हें साल. पुण्याजवळ इंग्रजांची छावणी उभी राहत होती, तेव्हां तिच्या बिगुलाचें भवितव्य दूर बर्लिनला ठरत होतें. पुढें १८३५ मध्यें व्हिएन्नाच्या योझेफ रीड्लनें फिरती झडप केली, आणि १८३९ मध्यें पॅरिसच्या पेरिनेनें सरळ खालीं-वर जाणाऱ्या दट्ट्याची अशी कांहीं सुबक घडण केली कीं, आजच्या कॉर्नेटांतील दट्ट्या बहुतेक तीच घडण पाळतो.

तीन झडपांचा हिशेब मोठा गमतीचा आहे. दुसरी झडप सूर अर्ध्या स्वरानें उतरविते, पहिली एका स्वरानें, तिसरी दीड स्वरानें. अर्धा स्वर उतरण्यास नळी शेंकडा सुमारें सहा वाढावी लागते, एक स्वरास सव्वाबारा, दीड स्वरास एकोणीस. आतां पहिली व तिसरी एकदम दाबली तर अडीच स्वर उतरले पाहिजेत. त्यास साडेतेहतीस हवेत; बेरीज मात्र सव्वाएकतीसच्या आसपासच होते. म्हणून तो सूर किंचित् चढा निघतो, आणि तिन्ही दाबल्या तर अधिकच चढा. १८७४ मध्यें लंडनच्या ब्लेकली यानें ही तूट आपोआप भरून काढणारी रचना शोधून काढली. परंतु ती जड व महाग असल्यामुळें मोठ्या आवाजाच्या वाद्यांपुरतीच बहुधा राहिली.

वाद्यवृंदांनीं झडप स्वीकारली. अडून बसलीं तीं अमेरिकेंतील ढोल-बिगुलांचीं पथकें. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्यें निघालेल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेनें अशा पथकांच्या चढाओढी सुरू केल्या. वाद्य बिगुलच हवें, हा त्यांचा दंडक. मग एकच आडवी झडप अंगठ्याखालीं बसविण्यांत आली. ती दाबली कीं बिगुल अडीच स्वर उतरे. म्हणजे सा-ग-प यांच्या जोडीला रे आणि नी मिळत. म आणि ध तरीही रुसलेलेच! पुढें अर्ध्या किंवा एका स्वराची फिरती झडप डाव्या हाताखालीं आली, आणि सप्तकांतील भोंकें एकामागून एक बुजूं लागलीं. १९७१ मध्यें स्थापन झालेल्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेनें १९७७ साली दोन उभ्या झडपा मान्य केल्या, १९९० साली तिसरी, आणि २००० पासून कोणत्याही पट्टीचीं पितळी वाद्यें. प्रत्येक वेळीं जुन्या मंडळींनीं हेंच विचारलें कीं, आतां याला बिगुल कां म्हणावें? प्रश्न अगदींच पोरकट नव्हता. ओठानें स्वर शोधण्याची जी विद्या अपुऱ्या वाद्यानें शिकविली, ती पुऱ्या वाद्याच्या हातीं लागलेल्या मुलाला शिकावी लागत नाहीं. तथापि रे-म-ध वांचून गाणें अडतें, आणि गाणें अडलें कीं पथक रिकामें पडतें, हेंही तितकेंच खरें.

पुण्यांत हा वाद असा झालाच नाहीं. छावणीच्या बँडावरून लग्नाच्या वरातीचा बँड निघाला, तो तीन झडपांचें कॉर्नेट व युफोनियम घेऊनच. प्रभात, दरबार अशा बँडांचें विसर्जन मिरवणुकींतलें वादन ऐकण्यास लोक रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहतात. येथील अडचण निराळीच होती. झडप स्वराला पायऱ्या देते. आपल्या गायनाला मींड हवी असते. कसबी वादकानें त्यावर उपाय काढला: झडप पुरती दाबावयाची नाहीं, अर्धवट धरावयाची, आणि ओठ सैल सोडून सूर घसरूं द्यावयाचा. वारा अडखळतो, आवाज थोडा घुसमटतो. पण नाट्यगीतांतली हरकत त्यांतूनच उमटते. कारागिरांनीं जी झडप सूर नेमका तोडण्यासाठीं केली, तीच येथें सूर जोडण्याच्या कामास लागली.

या कसबाचा पगार मात्र हंगामी. लग्नसराई आणि गणपति यांवर बाराही महिने काढावयाचे, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहिल्यापासून तेंही सुखाचें राहिलें नाहीं. पावसाळ्यांत पितळ कळंकतें, दट्ट्या अडकतो, स्प्रिंग मरते. तेलाचे दोन थेंब, जुन्या धोतराचा तुकडा आणि संध्याकाळचा निवांत तास एवढें मिळालें, तर कॉर्नेट पुन्हां चालूं लागतें. तुतारीवाल्याला यांतलें कांहींच करावें लागत नाहीं. पालखी वळते त्या दिवशीं तो वाद्य खांद्यावरून काढतो, पागोट्याच्या सोग्यानें तोंड पुसतो आणि फुंकतो.