कुंपणापलीकडचा रस्ता



छत्रपती संभाजीनगरात आपलं मनःपूर्वक स्वागत. एरवी पाहुण्यांना आम्ही वेरूळ, पाणचक्की आणि नान-खलिया सांगतो. तेही होईलच. पण विमान अपघातांच्या कारणांवर बोलायला आलेल्या मंडळींना या गावाची दुसरी ओळख आधी करून द्यायला हवी.

२६ एप्रिल १९९३. दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ इथल्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालं. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेलं. आत ११८ माणसं. धावपट्टी संपत आली तेव्हा कुठे ते उठलं. पलीकडे साधारण ४१० फुटांवर बीड रोड. तिथून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि इंजिन त्याला धडकलं, रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर! पुढे तीनेक किलोमीटरवर विजेच्या तारांना धडकून ते कोसळलं. ५५ जण गेले, ६३ वाचले.

चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हे एक. उड्डाणांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक तेव्हाच्या विमानतळ प्राधिकरणानं आवरली नाही, हे दुसरं. वैमानिकाची चूक म्हटली की फाइल मिटायला बरी पडते, म्हणून पहिलंच लोकांच्या लक्षात राहतं. मला दुसरं जास्त छळतं. रेल्वेच्या फाटकावर रिकाम्या मालगाडीसाठीसुद्धा रस्ता थांबतो. इथे तो भरल्या विमानासाठी थांबला नाही.

जमिनीवरच्या हयगयीची गोष्ट इथेच संपत नाही. पॅरिसला २००० साली काँकॉर्ड विमान पेटलं, ते आधीच्या विमानाची एक धातूची पट्टी धावपट्टीवर पडून राहिली म्हणून. आमच्याकडे काय पडून असतं? कचरा. पक्षी येतात म्हणून विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला मनाई आहे. आमच्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं विमानतळाजवळच्या नारेगावात गेला. २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या त्या दुर्गंधीपायी. त्या भांडणात विमानांचं नाव कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

म्हणून या परिषदेला महापालिका, महावितरण आणि वाहतूक पोलिसांनाही आम्ही आग्रहानं बोलावलं आहे. ही मंडळी सवयीनं मागच्या रांगेत बसली आहेत. स्वागताध्यक्ष म्हणून माझी पहिली विनंती त्यांनाच: कृपया पुढे या, खुर्च्या राखून ठेवल्या आहेत.